मधल्या गाळ्याची देवी

मी खडस आहे. निंबाई नदीतली, आसरांच्या डोहात राहणारी. आता मी बोलणार आहे, तोवर पाण्यात कोणी फुटाणे टाकू नयेत. तोंडात घास घेऊन बोलायची मला सवय नाही.

शिकलेले लोक मला महासीर म्हणतात. त्यांच्याकडे माझं आणखी एक लांबलचक नाव आहे, पण त्या नावाने अजून कोणी मला हाक मारलेली नाही. अंगावर रुपयाएवढे खवले, ओठ जाड, रंग जुन्या पितळेचा. दिसायला मी चांगली आहे. हे दुसऱ्या कोणी म्हणावं म्हणून मी थांबले नाही.

निंबाई तुम्हाला नकाशात सापडायची नाही. सातपुड्यातून उतरते, परतवाड्याच्या अंगाने काळ्या मातीत येते आणि पुढे पूर्णेला मिळते. उन्हाळ्यात ती नदी आहे हे पाहुण्यांना सांगावं लागतं. पण आमच्या गावापाशी तिने एक खोल डोह राखून ठेवला आहे. काठावर साती आसरांचे सात गोटे आहेत, शेंदूर लावलेले. त्या पाण्याच्या देवी, म्हणून डोहातले मासे देवीचे. इथे गळ नाही, जाळं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी गावाला चांगलं म्हणते. बाकीच्या गोष्टींचं पुढे येईलच.

माझा जन्म मात्र डोहातला नाही. तो वर डोंगरातला. तिथे पाणी गुडघ्याएवढं, स्वच्छ, वाहतं, आणि तळाला सुपारीएवढे गोटे. आमच्यात रीत अशी की पावसाळ्यात पूर आला की मादीने धारेच्या विरुद्ध वर जायचं, त्या गोट्यांमध्ये अंडी सोडायची आणि परत डोहात यायचं. अंड्याला चिखल चालत नाही. चिखलात ते गुदमरतं. डोहाच्या तळाला सगळा चिखल. म्हणून राहायला डोह आणि बाळंतपणाला डोंगर. तुमच्यात माहेरी जातात, तसंच.

आई मला आठवत नाही. तिनेही मला पाहिलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. पोहायला, धार ओळखायला, कुठला खड्डा चैत्रात आटतो आणि कुठला आटत नाही हे समजायला मला कोणी शिकवलं नाही. जे येतं ते माझं मी शिकले. त्यामुळे कोणाचे उपकार नाहीत आणि कोणाचे पाय धरायचेही नाहीत.

मी तरणी होते तेव्हा डोहाच्या वरच्या अंगाला बंधारा झाला. ओळीने दगडी खांब. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा, आणि प्रत्येक गाळ्यात बसवायला एक मोठी लोखंडी पाटी. पावसाळा सरला की पाट्या बसवायच्या, पाणी अडवायचं, त्यावर हरभरा आणि संत्र्याच्या बागा भिजवायच्या. पुढच्या पावसाच्या आधी, ज्येष्ठात, पाट्या काढून ठेवायच्या, म्हणजे पूर आरपार जातो. नियम माणसांनी केला होता, पण मला मान्य होता. मी श्रावणात वर जायची, दिवाळीआधी खाली यायची. दोघांचंही भागत होतं.

पाट्या काढायचं काम खुशालरावांकडे. ते पाण्याच्या समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक काम ते आधी उद्यावर टाकतात आणि मग त्याची आठवण ठेवतात.

एका ज्येष्ठात त्यांच्या पायलचं लग्न निघालं. मंडप, वाजंत्री, आहेरावरून रुसलेला व्याही, त्याला समजावायला गेलेले आणि तिथेच रुसलेले दोन मामा. या सगळ्यात पाट्या राहिल्या. लग्न उरकून खुशालराव बंधाऱ्यावर आले तोवर पाणी चढलं होतं. कडेच्या गाळ्यांच्या पाट्या निघाल्या. मधली निघाली नाही. तिच्यावर पाण्याचा दाब आणि पायाशी गाळ. "राहू द्या एखाद्या साली," ते म्हणाले.

आता नदीची खोल धार आहे ती मधल्याच गाळ्यातून. कडेचे गाळे खडकावर. तिथून वीतभर पाणी पसरून वाहतं. माझ्या आकाराच्या बाईने तिथून जायचं म्हणजे अंगणातून होडी नेण्यासारखं.

मी पोटात अंडी घेऊन आले, तर समोर लोखंड. पाटीवरून पाणी कोसळत होतं. मी उडी मारली. डोकं पाटीवर आपटलं. परत मारली. परत आपटलं. माझ्यामागून आणखी काही जणी आल्या. त्यांनीही तेच केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्या वेळी खुशालरावांच्या घरच्या, चंदाबाई, लेकीच्या लग्नाची ओटी आसरांना भरायला काठावर आल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं. हातातलं ताट तसंच राहिलं.

"माय व! देवीच्या मासोळ्या माथा टेकून राहिल्या!"

संध्याकाळपर्यंत नारळ फुटला होता.

पुढच्या ज्येष्ठात खुशालराव मात्र वेळेवर आले, पाना घेऊन. तर बायका आडव्या. "आसराच्या मासोळ्यायची माथा टेकायची जागा काहून काढता?" खुशालरावांना काम न करण्याचं इतकं पवित्र कारण आयुष्यात मिळालं नव्हतं. ते पाना घेऊन घरी गेले.

त्या वर्षी पाटीच्या वरच्या अंगाला शेंदूर लागला. त्याच्या पुढच्या वर्षी चांदीचे डोळे बसले. मग हार, मग कमान, मग जत्रा. श्रावणात पुराचं पाणी चढलं की माथाटेकीची जत्रा. दर्यापूरहून, अंजनगावहून, पार अकोल्याहून बाया येऊ लागल्या. मूल होत नाही त्या येत, झालेलं टिकत नाही त्या येत. हिरव्या बांगड्या पाटीला दाखवायच्या, मग हातात भरायच्या. भज्यांची गाडी आली. पाळणा आला. लाउडस्पीकर आला.

आणि खाली मी डोकं आपटत होते.

एकदा जोरात लागलं. डोक्यामागचे चार खवले निघून पाण्यावर आले. ते चंदाबाईंनी अलगद उचलले, धुतले आणि घरी देव्हाऱ्यात ठेवले. रोज त्यांना फूल मिळतं असं ऐकते. मला कोणी हळद लावली नाही.

पूर ओसरला की आम्ही थांबायचो. न सोडलेली अंडी पोटातच विरतात, शरीर ती परत घेतं. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

अशी वर्षं गेली. काठावरचे लोक म्हणायचे, पहा, देवीचे मासे कसे धष्टपुष्ट. होतोच आम्ही. फुटाणे, मुरमुरे, कणकेचे गोळे, नवसाची पुरणपोळी. खायला कमी नव्हतं. डोहात एकही पिल्लू उरलं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मोठं जे असतं तेवढंच दिसतं, आणि मोठं सगळं जागेवर होतं.

मग जेबा आली.

जेबा ही हलीमाबीची मुलगी. हलीमाबीचं परतवाड्यात बांगड्यांचं दुकान. माथाटेकीच्या जत्रेत पहिली मांडणी तिची, आसरांच्या गोट्यांच्या उजव्या हाताला. सगळ्या तालुक्याच्या बाया तिच्याकडून बांगड्या भरतात, कारण तिच्या हातून बांगडी फुटत नाही आणि तिचं तोंड थांबत नाही. जेबा त्या मांडणीखाली बसून लहानाची मोठी झाली. तेव्हा तीही फुटाणे टाकायची. आता ती अमरावतीला विद्यापीठात नदीतल्या माशांवर संशोधन करते. गुडघाभर रबरी बूट घालून दिवसदिवस पाण्यात उभी राहते. पाण्याचा ताप पाहते, तळाचे गोटे मोजते, बाटल्यांत पाणी भरून नेते. पाणी बाटलीत भरून अमरावतीला नेणं मला आधी चोरी वाटली होती.

तिने मला पकडलं आणि पाठीच्या पराजवळ एक पिवळा बिल्ला लावला, बैलाच्या कानात असतो तसा, पण लहान. दुखलं. तिने माझी माफी मागितली आणि नंबर टिपून घेतला. दोन्ही एकाच आवाजात. तेव्हापासून मला ती आवडते. माझा एक खवलाही तिने नेला. झाडाच्या खोडात असतात तशा खवल्यातही रेषा असतात, त्यावरून वय समजतं म्हणे. बाईला वय विचारू नये हे तिला माहीत असावं. तिने विचारलं नाही.

वर्षभर तिने डोह चाळला, बंधाऱ्याच्या वरची नदी चाळली, डोंगरातले गोटे उलटून पाहिले. मग ती काठावर खुशालरावांसमोर येऊन बसली.

"काका, या नदीत खडसीचं एक पिल्लू नाही."

"हे एवढे मोठे मोठे दिसून राहिले ते?"

"साऱ्या म्हाताऱ्या आहेत. समजा एखाद्या गावात शाळा बंद पडली, एक पोट्टं नाही, अन् पारावर नुसते पेन्शनवाले बसून राहिले. त्या गावाचं पुढं काय होईन?"

खुशालरावांनी थोडा विचार केला. "आमचं गाव असंच आहे," ते म्हणाले.

जेबाने त्यांना सगळं नीट सांगितलं. वर जाणं, गोटे, अंडी, पाटी. ती पिवळ्या बिल्ल्याची खडस, म्हणजे मी, फार वयाची आहे. यंदा तिच्या पोटात अंडी आहेत, पुढच्या वर्षी धरतील याचा भरवसा नाही. बाकीच्याही तिच्याच मागेपुढे. यंदा मधला गाळा मोकळा झाला तर झाला. नाही तर ही जात या नदीतून गेली.

खुशालराव ऐकत होते. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

"पोरी, लोखंड असतं तं आत्ता काढलं असतं. पण ते देवी होऊन बसली. देवीले पाना लावू काय मी?"

आईकडूनही तिला काही वेगळं ऐकायला मिळालं नाही. हलीमाबी जत्रेच्या आदल्या दिवशी मांडणी लावायला आली, तेव्हा दोघी माझ्या डोक्यावरच भांडत होत्या.

"अम्मी, वो सर झुका नहीं रही. वो टकरा रही है."

"मैं सब समझती. पर जत्रा बैठ गई तो मैं चूड़ियां किसको पिनाऊं? तेरी मच्छी को?"

"उसको हाथ नहीं हैं."

"वहीच तो बोल रही मैं!"

जत्रेचा दिवस उजाडला. आकाश भरलेलं, पाणी गढूळ, चढतं. मी पाटीखाली आले. अंग जड होतं. पहिली उडी कमानीपर्यंतही पोचली नाही. वर टाळ्या पडल्या. काठावर बायांची रांग लागली होती, हातात हिरव्या बांगड्यांचे पुडे. चंदाबाई पुढे उभ्या राहून कोणाला सरक, कोणाला थांब म्हणत होत्या.

तिसऱ्या उडीनंतर मी कडेच्या संथ पाण्यात दम घ्यायला आले. तिथे जेबा कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिने ओली चादर माझ्या पोटाखाली सरकवली आणि मला पाण्यातच धरून काठाशी आणलं. मी शेपटी मारली असती तर ती पडली असती. मारली नाही. दमले होते, हे एक कारण.

"काकू, जरा इकडं येता?"

चंदाबाई आल्या. मागून रांगही आली. आपल्याकडे कोणी पुढे सरकलं की रांग आपोआप मागोमाग जाते.

जेबाने माझ्या पोटावरून अंगठा हलकेच फिरवला. तिच्या तळहातावर अंडी आली. पिकत्या संत्र्याच्या रंगाची, टपोरी. तिने हात चंदाबाईंपुढे धरला.

"हे काय व?"

"अंडी. तिले वर डोंगरात जाऊन सोडायची आहेत. मधात पाटी आहे."

चंदाबाईंनी तळहाताकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग परत तळहाताकडे.

"मंग थे माथा नाही टेकत?"

"नाही काकू."

"दरसाली?"

"दरसाली असंच."

लाउडस्पीकर चालू होता. त्यावर कोणाची तरी हरवलेली चप्पल पुकारत होते. चंदाबाई खाली बसल्या. पाण्यात हात घालून त्यांनी माझ्या डोक्यामागे, जिथले खवले निघाले होते तिथे, बोट लावलं. त्यांना ती जागा माहीत होती. मग उठल्या आणि रांगेकडे तोंड केलं.

"अडली आहे व बायांनो! आपण हिच्यापाशी लेकरू मागून राहिलो, अन् हिलेच मोकळं होऊ देऊन नाही राहिलो!"

रांगेतल्या एका तरुण बाईने हातातला बांगड्यांचा पुडा पदराखाली घेतला.

"पायलचे बाबा!" चंदाबाईंचा आवाज लाउडस्पीकरच्या वर गेला. "पाना आणा!"

खुशालराव धावत आले. "अवो, दहा गावची देवी आहे थे. लोकं काय म्हणतीन?"

"महालक्ष्म्या घरी बसवतो ना आपण? जेवू घालतो, अन् तिसऱ्या दिवशी उठवतो. तव्हा कोणी काही म्हनते? हिलेही उठवा. वर देवळात नेऊन बसवा. पाण्यात उभी राहून तिचेही पाय भरून आले असतीन."

खुशालराव पाना आणायला वळले. तेवढ्यात मांडणीवरून हलीमाबी ओरडली, "चंदाबाई, देवी देवळात गेली तं जत्रा कुठं भरीन?"

"देवळातच की, भाभी."

"देवळापुढं तं निंबाची सावली आहे." हलीमाबीने एवढंच म्हटलं आणि मांडणी आवरायला घेतली. तिचं मत पडलं होतं.

तरी त्या दिवशी पाटी निघाली नाही. पाणी उतरायला हवं होतं. जेबाने मला सोडलं आणि मी कडेला खडकाच्या आडोशाला जाऊन राहिले. अंडी पिकली की ती थांबत नाहीत. रात्रीत पाणी उतरलं, आणि सकाळी दहीभाताचा नैवेद्य झाला. वाजंत्री आली, पायलच्या लग्नातलीच. त्यांना दुसरं काही येत नसल्याने त्यांनी नवरी सासरी जातानाचीच धून वाजवली. खुशालरावांनी आधी पान्याला हळद-कुंकू लावलं, मग बोल्ट ढिले केले. ट्रॅक्टरला साखळी बांधली. "उठा माय," ते म्हणाले, आणि ट्रॅक्टर पुढे गेला.

पाटी हलेना. साखळी ताणली, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. चंदाबाईंनी मागून हाक दिली, "पायलचे बाबा, उद्यावर टाकसान तं घरी येऊ नका!"

दुसऱ्या झटक्याला गाळाने पाटी सोडली. बाया रडल्या. मी रडले नाही. आमचं पाणी बाहेरच असतं.

गाळा मोकळा झाला आणि धार आली. थंड, वासाची, वरची. मी निघाले. निरोप वगैरे घेतला नाही.

रस्ता मला पाठ होता, पण रस्त्याला मी आठवत नव्हते. दोन वळणं बदलली होती. एका जागी ट्रॅक्टरने वाळू उपसून खड्डे केलेले. तिथे गोटे नव्हतेच. मी तिथे थांबले असते तर संपलं होतं. आणखी वर गेले. पोट खरवडत, उथळातून, एका बाजूवर आडवी होऊन. शेवटी ते पाणी आलं. गुडघ्याएवढं, स्वच्छ. खाली सुपारीएवढे गोटे. मी अंडी सोडली. नर आले होते, त्यांनी त्यांचं काम केलं. मग मी खालच्या खड्ड्यात जाऊन पडून राहिले. त्या दिवशी मला कोणी पाहत नव्हतं, आणि हे मला फार बरं वाटलं.

भाद्रपद संपता संपता जेबा बारीक जाळी घेऊन वर आली. गोट्यांच्या कडेने जाळी फिरवली, उचलली, पाहिली. मग ती कपड्यांसकट पाण्यातच बसली. थोड्या वेळाने तिने उंच दगडावर चढून फोन लावला.

"अम्मी, निकले!"

"कौन निकले?"

"बच्चे! खडस के बच्चे!"

पलीकडे बांगड्या खळखळल्या. मग हलीमाबीचा आवाज आला. "मुबारक. छतरी लेके गई थी क्या?"

आता मी परत डोहात आहे. डाव्या डोळ्याला कमी दिसतं. पिल्लंही दिवाळीआधी खाली आली, बोटाएवढी. ती मला ओळखत नाहीत आणि माझ्या तोंडचे फुटाणे पळवतात. वळण कोणी लावलं नाही, हे दिसतंच.

पाटी देवळात बसली आहे. तिला साडी नेसवतात. आता ती देवी आहे, त्यामुळे पाणी अडवायला परत येऊ शकत नाही. पण हरभऱ्याला पाणी लागतं, ते मलाही समजतं. म्हणून खुशालरावांनी दिवाळीनंतर मधल्या गाळ्यात वाळूने भरलेल्या गोण्या रचून बांध घातला. पाणी अडलं, हरभरा उभा आहे. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पाण्यात त्या गोण्या आपोआप वाहून जातील. कोणाच्या घरी लग्न असलं तरी जातील. कोणाला काही आठवावं लागणार नाही. गावाने माझ्यासाठी केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम, आणि ते त्यांनी पाटी नाही म्हणून केलं.

तरीपण समितीने अमरावतीच्या कचेरीत अर्ज दिला आहे. मधल्या गाळ्यासाठी नवी पाटी मिळावी. काठावर बसून मोठ्याने वाचला, म्हणून मला माहीत.

त्या कचेरीतल्या साहेबांना माझं एक सांगणं आहे. माझं वय झालं. मी पुढच्या श्रावणात वर जाईन की नाही, मला माहीत नाही, आणि त्यासाठी कोणी काही करू नये. पण डोहात बोटाएवढ्या पोरी आहेत. त्यांच्या पोटात अंडी धरायला चार-पाच पावसाळे जातील. तेवढे दिवस तो अर्ज टेबलावर असू द्या. कोणी विचारलं तर साहेब दौऱ्यावर आहेत म्हणा. पंख्याने कागद उडत असेल तर त्यावर एखादा गोटा ठेवा. गोटा लागला तर कळवा, आमच्याकडे वर पुष्कळ आहेत. फक्त अंडी नसतील तिथला घ्या.